रुग्ण प्रेमसंबंधातील पात्रपरिवर्तन : वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ कादंबरीचा पुनर्विचार

प्रस्तावना

कादंबरीतील पात्र ‘जिवंत’ वाटण्याचे एक प्रमुख कारण त्याच्या बदलण्यात असते, असे समीक्षेत सामान्यतः मानले जाते. ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली सपाट आणि गोलाकार पात्रे असा भेद केला. वाचकाला चकित करण्याची आणि तरीही पटण्याची क्षमता ही गोलाकार पात्राची कसोटी त्यांनी मानली. मराठीतील व्यक्तिचित्रणाच्या चर्चेत ही कसोटी आजवर असंख्य वेळा वापरली गेली आहे. प्रेमसंबंधाच्या कथेला लावताना मात्र ती अपुरी पडते. प्रेमसंबंधात पात्र एकटे बदलत नाही. ते दुसऱ्यामुळे, दुसऱ्याच्या विरोधात आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या किमतीवर बदलते. नातेच जेव्हा दोघांनाही कुरतडणारे असते तेव्हा ‘हे पात्र बदलले का?’ या प्रश्नाला ‘हा बदल कोणी पाहिला, आणि त्याची किंमत कोणी मोजली?’ असे पुरवणी प्रश्न जोडावे लागतात.

मराठी कादंबरीने या प्रसंगी दीर्घकाळ एक सोयीचा मार्ग वापरला. त्याला हृदयपरिवर्तन म्हणतात. चुकलेला नायक एखाद्या मोठ्या आघाताने जागा होतो, डोळे पुसतो, क्षमा मागतो आणि ती त्याला मिळते. बिघाड शेकडो पानांत घडतो, दुरुस्ती मात्र दोन-चार पानांत उरकते. बिघाडाच्या चित्रणात अस्सल कादंबरीकाराची नजर दिसावी आणि दुरुस्तीच्या चित्रणात प्रवचनकाराची घाई दिसावी, ही विसंगती ज्या कादंबरीत अत्यंत ठळकपणे आढळते ती म्हणजे वि. स. खांडेकर (1898–1976) यांची ‘ययाति’ (1959). या कादंबरीला 1960 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1974 सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने मराठीला तो सन्मान प्रथमच लाभला, आणि त्या सन्मानाशी ‘ययाति’चे नाव कायमचे जोडले गेले.

अध्यापनात या कादंबरीचे एक ठरीव वाचन रूढ झाले आहे. ययाती म्हणजे भोग, देवयानी म्हणजे अहंकार, शर्मिष्ठा म्हणजे निरपेक्ष प्रेम आणि कच म्हणजे संयम. भौतिक सुखाच्या मागे धावणाऱ्या आधुनिक माणसाचे चित्र आपण रेखाटत आहोत, अशी भूमिका खुद्द खांडेकरांनीच मांडलेली असल्यामुळे या वाचनाला लेखकाचे पाठबळही आहे. परंतु प्रतीकांना नवरा-बायको असता येत नाही. प्रस्तुत लेखात ही प्रतीके बाजूला ठेवून ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्याकडे एका बिघडलेल्या संसारातील तीन माणसे म्हणून पाहिले आहे, आणि कादंबरीच्या घाटाने जे सांगितले ते तिच्या बोधाने कितपत पेलले, हे तपासले आहे.

मूळ कथा आणि कादंबरीकाराने घेतलेले स्वातंत्र्य

महाभारताच्या आदिपर्वातील कथा सर्वपरिचित आहे. शुक्राचार्यांची कन्या देवयानी आणि वृषपर्व्याची कन्या शर्मिष्ठा यांचे भांडण, विहिरीत पडलेल्या देवयानीला ययातीने बाहेर काढणे, शर्मिष्ठेचे दासीपण, ययातीचा तिच्याशी गुप्त संबंध, शुक्राचार्यांनी शापाने दिलेले वार्धक्य आणि ते स्वीकारणारा धाकटा पुत्र पुरू हे त्या कथेचे टप्पे होत. मराठी रंगभूमीलाही या कथेचे आकर्षण आहे. खाडिलकरांचे ‘विद्याहरण’ (1913) आणि शिरवाडकरांचे ‘ययाती आणि देवयानी’ (1966) ही त्याची ठळक उदाहरणे.

खांडेकरांनी केलेल्या बदलांपैकी दोन या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. मूळ कथेत देवयानीला यदू व तुर्वसू हे दोन, तर शर्मिष्ठेला द्रुह्यू, अनू व पुरू हे तीन पुत्र आहेत. कादंबरीत दोघींना एकेकच पुत्र आहे. पाच पुत्रांच्या वंशकथेतून खांडेकरांनी अशा रीतीने एका घराची गोष्ट वेगळी काढली. दुसरा बदल कचाचा. संजीवनी विद्या घेऊन गेलेला कच मूळ कथेत ययातीच्या आयुष्यात येत नाही. कादंबरीत तो वारंवार येतो, बोलतो, समजावतो. त्याच्या बोलण्याचा कोणावर किती परिणाम होतो, हा निराळा प्रश्न आहे. एका कटू विवाहात बाहेरच्या शहाण्या माणसाचा सल्ला ज्या गतीने वाया जातो त्याच गतीने कचाचा उपदेशही वाया जातो, आणि या बाबतीत खांडेकर त्यांच्या स्वतःच्या हेतूपेक्षा अधिक वास्तववादी ठरतात.

बिघाडाचे तपशील

ययातीच्या अधःपतनाचे श्रेय सहसा त्याच्या भोगलालसेला दिले जाते. कादंबरी काळजीपूर्वक वाचली तर त्याच्या आयुष्याची खरी चालक शक्ती लालसेपेक्षा भीती आणि तक्रार ही असल्याचे दिसते. नहुषाची मुले कधी सुखी होणार नाहीत हा शाप, थोरल्या भावाचे यतीचे घर सोडून जाणे, वडिलांच्या मरणशय्येजवळ प्रथम जाणवलेली मृत्यूची धास्ती आणि त्या धास्तीतून मुकुलिकेच्या मिठीत शोधलेला आसरा, अलकेचा मृत्यू आणि त्यामागे असलेला स्वतःच्या आईचा हात, ही साखळी ययाती स्वतःच्या तोंडाने सांगतो. प्रत्येक दुःख खरे आहे. परंतु ययाती प्रत्येक दुःखाचा वापर एकाच कामासाठी करतो. जे मिळाले नाही त्याची नोंद तो मनात ठेवतो आणि पुढच्या वर्तनासाठी तिचा परवाना करून घेतो. तक्रारीचे परवान्यात होणारे हे रूपांतर खांडेकरांनी इतक्या बारकाईने टिपले आहे की मराठी कादंबरीत त्याला फार थोड्या जोडी सापडतील.

विवाहानंतरची पहिली रात्र हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ययाती मद्य घेऊन येतो, देवयानीला त्याचा वास सहन होत नाही आणि मीलनाची रात्र भांडणाची होते. देवयानीच्या तिटकाऱ्याला इतिहास आहे. मद्यातून कचाची राख पोटात गेल्यामुळे तिच्या पित्यावर कोणता प्रसंग ओढवला होता, हे ती विसरू शकत नाही. मद्य हा तिच्या दृष्टीने नीतीचा विषय नाही. तो तिच्या घरातील अनर्थाचा विषय आहे. ययाती मात्र त्या रात्रीचा अर्थ एवढाच लावतो की आपला अपमान झाला. पत्नीला हा वास का नकोसा वाटला असेल, हा प्रश्न त्याच्या मनात मुळाशी जात नाही. देवयानीही त्याला तो इतिहास प्रेमाने सांगत नाही. ती अट घालते. अशा रीतीने एकाच रात्री दोघांच्याही वागण्याला वळण लागते. ती नियम करू लागते, तो नियम चुकवू लागतो. पुढील सर्व वर्षांच्या संसाराचे बीज येथे आहे, आणि ते पेरताना खांडेकरांनी कोणा एकाला खलपुरुष केलेले नाही.

देवयानीचेही असेच आहे. कचाने नाकारलेली देवयानी ययातीच्या प्रेमात पडलेली नाही. ती हस्तिनापूरची महाराणी होते. मनावरच्या जखमेवर पदाचा लेप लावून ती संसारात पाऊल ठेवते, आणि जिने आपला अपमान केला त्या राजकन्येला दासी म्हणून सोबत आणते. सूड जवळ बाळगून कोणी सुखी झाल्याचे ऐकिवात नाही, तरीही तिच्या वागण्याला तिच्या पुरते तर्कशास्त्र आहे. पदाच्या आधाराने उभी असलेली व्यक्ती पद हलले की अधिक कठोर होते. शर्मिष्ठेचे गुपित उघड झाल्यानंतरची देवयानीची क्रूरता ही तिच्या आरंभीच्या स्वभावाचीच पुढची पायरी आहे, आणि म्हणून ती फॉर्स्टरच्या कसोटीवर उतरते. ती चकित करते आणि पटतेही.

तीन निवेदने, पण श्रोता नाही

‘ययाति’च्या घाटाची चर्चा बहुधा ‘प्रथमपुरुषी निवेदनाचा प्रयोग’ एवढ्यावर थांबते. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात. त्यात ययातीचा वाटा सर्वांत मोठा आहे. या तंत्रामुळे तिन्ही पात्रांच्या अंतरंगात प्रवेश मिळतो, असे नेहमी म्हटले जाते. ते खरे असले तरी त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या तिघांपैकी कोणीही दुसऱ्याचे निवेदन ऐकत नाही. वाचकाला तिन्ही साक्षी उपलब्ध आहेत. पात्रांना त्यांतील एकच, म्हणजे स्वतःची. मद्याच्या वासामागची देवयानीची वेदना वाचकाला कळते, ययातीला कळत नाही. शर्मिष्ठेच्या मनातील भय वाचकाला कळते, देवयानीला कळत नाही. ज्या घरात तीन माणसे मनातल्या मनात अखंड बोलत असतात आणि एकमेकांशी मात्र आज्ञा, आरोप किंवा आर्जव याच स्वरात बोलतात, त्या घराचे याहून अचूक चित्र निवेदनाच्या दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने साधले नसते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ययातीचे निवेदन कबुलीजबाबाच्या थाटाचे आहे आणि कबुलीजबाबाला स्वतःची अशी एक मोहिनी असते. इतके मोकळेपणाने जो स्वतःचे दोष सांगतो त्याच्याविषयी वाचकाला सहानुभूती वाटू लागते. सांगणे म्हणजेच सुधारणे, असा भ्रम निर्माण होतो. वास्तविक ययाती आपल्या पापांची यादी करतो तेव्हाही त्या यादीच्या केंद्रस्थानी तोच असतो. मी किती घसरलो, मला किती यातना झाल्या, मी किती एकटा पडलो! ज्यांच्या आयुष्याची धूळधाण झाली त्या त्याच्या दुःखाच्या कहाणीत उपकथानके म्हणून येतात. खांडेकरांची अलंकारप्रचुर, सुभाषितांनी सजलेली शैली या आत्मकेंद्री सुराला पोषकच ठरते, हे येथे नमूद करावे लागेल. सुंदर वाक्यात सांगितलेला अपराध अर्धा माफ होतो.

शर्मिष्ठेचा प्रश्न

कादंबरीतील प्रेमाचा आदर्श म्हणून शर्मिष्ठा–ययाती संबंधाकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. शर्मिष्ठेचे निवेदन हळुवार आहे, तिचे प्रेम खरे आहे याविषयी शंका नाही. तथापि ती राजाच्या महाराणीची दासी आहे. नकार देण्याचे स्वातंत्र्य जिला नाही तिच्या होकाराचे मोल कसे करावे, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही. 1959 साली तो मराठी वाचकाने फारसा विचारला नसता. आजच्या वर्गातील विद्यार्थिनी मात्र तो विचारल्याखेरीज राहणार नाही, आणि ‘ते पौराणिक युग होते’ हे उत्तर तिला पुरेसे वाटणार नाही.

याहून बोलका तपशील पुढे येतो. देवयानीच्या कोपापासून वाचविण्यासाठी ययाती शर्मिष्ठेला आणि तान्ह्या पुरूला माधवाच्या साहाय्याने रातोरात नगराबाहेर पाठवतो. हे त्याच्या आयुष्यातील धाडसाचे कृत्य म्हणून वाचले जाते. परंतु राजा असलेला ययाती तिला उघडपणे स्वतःची म्हणत नाही. तो तिला वाचवतो आणि त्याच कृतीने नाहीशी करतो. त्यानंतर पुरू तरुण होईपर्यंतची वर्षे शर्मिष्ठा एकटीने काढते, आणि ययाती अशोकवनात विलासात बुडतो. निरपेक्ष प्रेमाच्या सहवासाने त्याच्या स्वभावात टिकाऊ असा कोणताही बदल झालेला नाही, ही गोष्ट कादंबरीच्या कथानकातच सिद्ध होते. चांगल्या स्त्रीच्या प्रेमाने बिघडलेला पुरुष सुधारतो ही कल्पना आपल्याकडील कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत इतकी रुजलेली आहे की ‘ययाति’ तिचे खंडन करते, हे सहसा लक्षातच येत नाही.

पश्चात्ताप आणि परिवर्तन

आता कादंबरीच्या शेवटाकडे वळणे भाग आहे. शुक्राचार्यांच्या शापाने ययाती वृद्ध होतो, पुरू ते वार्धक्य स्वीकारतो. महाभारतातील ययाती पुत्राचे तारुण्य घेऊन हजार वर्षे भोग घेतो, आणि भोगाने वासना शमत नाही हे ज्ञान त्याला इतक्या प्रदीर्घ अनुभवानंतर होते. ते ज्ञान अनुभवाच्या पोटातून आलेले आहे. खांडेकरांचा ययाती या हजार वर्षांना मुकला आहे. पुत्राचा त्याग समोर पाहताच त्याला उपरती होते. नाट्याच्या दृष्टीने हा प्रसंग प्रभावी आहे. अनेक वाचकांचे डोळे येथे ओलावले असतील. पण ज्या मनाने आयुष्यभर प्रत्येक आघाताचे परवान्यात रूपांतर केले, त्याच मनाने या शेवटच्या आघाताचे निराळे काही का करावे, याचे उत्तर त्या मनाच्या आजवरच्या जडणघडणीत मिळत नाही. ते बाहेरून, पुरूच्या पुण्याईतून आणि कचाच्या उपस्थितीतून आणावे लागते.

आणि देवयानी? तिचाही अहंकार गळून पडल्याचे वाचकाला कळते, परंतु ते कळते ययातीच्या निवेदनातून. आरंभी जिला स्वतःचा आवाज दिला, तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या बदलाच्या वेळी कादंबरीकाराने तो काढून घेतला आहे. शेवटचे निवेदन ययातीचे आहे. ज्याने फसविले तोच सांगतो की जिला फसविले तिने क्षमा केली. न्यायालयात अशी साक्ष ग्राह्य धरली गेली नसती. खांडेकरांना देवयानीविषयी आकस होता असे यावरून म्हणता येणार नाही. पूर्वार्धातील तिचे प्रकरण त्यांनी ज्या समजुतीने लिहिले आहे ती समजूत आकस असलेल्या लेखकाला शक्य नसते. अडचण अशी की तिला शेवटचे प्रकरण दिले असते तर क्षमेला कारण द्यावे लागले असते. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर आणि अपमानानंतर ही स्त्री नेमके काय विसरली, काय विसरली नाही, हे तिच्या तोंडून वदवावे लागले असते. जीवनासाठी कला या भूमिकेशी बांधलेल्या लेखकाला समेट हवा होता. समेटाची कारणे पात्रांत सापडत नसतील तर ती प्रसंगात शोधावी लागतात.

‘रीटा वेलिणकर’ : ऐकणारे कोणी

‘ययाति’नंतर सुमारे तीन दशकांनी, 1990 साली, शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ प्रसिद्ध झाली. दोन्ही कादंबऱ्यांची तुलना वरकरणी विचित्र वाटेल. एकीकडे हस्तिनापूर, दुसरीकडे मुंबईतील कचेरी आणि रुग्णालय. परंतु पात्रपरिवर्तनाच्या दृष्टीने ही तुलना उपयुक्त आहे. रीटा ही घरातील थोरली मुलगी. कुटुंबाचा आर्थिक भार तरुणपणीच तिच्यावर पडलेला आहे, आणि कचेरीतील विवाहित वरिष्ठ साळवी यांच्याशी तिचा अनेक वर्षांचा संबंध आहे. तो संबंध उघड होऊ शकत नाही आणि संपतही नाही. शेवटी तिचे मन कोसळते.

गोखले यांनी साळवींना दुष्ट केलेले नाही, रीटाला निष्पाप केलेले नाही. घरासाठी राबताना लागलेली देण्याची सवय आणि प्रेमात लागलेली वाट पाहण्याची सवय या दोन्ही एकाच मुळातून आल्याचे त्या दाखवतात. म्हणून रीटाचे सावरणे हे साळवींच्या हृदयपरिवर्तनावर सोडलेले नाही. तिला स्वतःचे पूर्वायुष्य पुन्हा उलगडावे लागते. बदल घडतो तो आजारपणात, आठवणींत, आणि मुख्य म्हणजे सरस्वती या मैत्रिणीच्या सोबतीत. सरस्वतीचेही निवेदन कादंबरीत आहे, आणि ते रीटाच्या कहाणीला छेद देणारे समांतर आत्मनिवेदन नसून तिच्याकडे पाहणाऱ्या, तिचे ऐकणाऱ्या व्यक्तीचे निवेदन आहे. ‘ययाति’त तीन आवाज आहेत आणि कान एकही नाही. येथे निदान एक कान आहे. रीटा बदलली असे वाचकाला वाटते याचे एक कारण असे की त्या बदलाला तिच्याव्यतिरिक्त दुसरा साक्षीदार आहे, आणि तो साक्षीदार क्षमेचा किंवा समेटाचा लाभार्थी नाही. 2009 साली रेणुका शहाणे यांनी या कादंबरीवर ‘रीटा’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा हा विषय वाचकवर्गाबाहेरही पोहोचला.

‘रीटा वेलिणकर’च्या तुलनेने ‘ययाति’चे महत्त्व कमी होते असे मात्र समजण्याचे कारण नाही. देवयानी–ययातीच्या पहिल्या रात्रीइतके नेमके, दोन्ही बाजूंनी न्याय देणारे भांडण नंतरच्या मराठी कादंबरीतही दुर्मीळच आहे. अध्यापकाने ते प्रकरण वर्गात सावकाश वाचून घ्यावे, आणि शेवट शिकविताना देवयानीच्या नसलेल्या निवेदनाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. प्रतीकांची कोष्टके फळ्यावर लिहून देण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

रीटाचे पुढे काय झाले असेल, हे वाचकाने आपल्या मनाशी ठरवायचे आहे. ययातीच्या बाबतीत मात्र पुढची कथा लिहिलेली आहे. खांडेकरांनी ती घेतली नाही एवढेच. पुरूला राज्य देऊन ययाती वनात जातो, घोर तप करतो आणि स्वर्गाला पोहोचतो. तेथे इंद्र त्याला विचारतो की तपात तुझ्या बरोबरीचा कोण आहे. देव, मनुष्य, गंधर्व, महर्षी यांच्यात मला कोणीही तुल्य दिसत नाही, असे तो उत्तर देतो, आणि त्या गर्वामुळे त्याच क्षणी स्वर्गातून खाली पडतो. हजार वर्षांच्या भोगाने आणि त्यानंतरच्या तपानेही ‘मी’ सुटला नव्हता, असे मूळ कथाकाराचे मत दिसते. पडणाऱ्या ययातीला सावरतात त्याच्या मुलीची, माधवीची मुले. ही तीच माधवी, जिला उद्योगपर्वातील कथेप्रमाणे ययातीने गालवाच्या गुरुदक्षिणेसाठी देऊन टाकले होते. देवयानीचा उल्लेख त्या प्रसंगात नाही.